घरातले माणूस गप्प झाले तर



या कार्यक्रमातून मी आपल्याशी बोलतो तेव्हा विषय बहुधा ठरलेला असतो. कपाशीवरची बोंडअळी, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक, तुरीचे शेंडे खुडणे, नाही तर हरभऱ्याची बीजप्रक्रिया. आज पिकाविषयी बोलणार नाही. पिकाच्या मागे जे माणूस उभे असते त्याच्या मनाविषयी आणि त्याच्या घराविषयी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, साहेबांनी खतं-औषधं सांगावीत, मनाचं त्यांना काय कळतं? बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. ॲग्री झालेला विस्तार अधिकारी आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. फवारणीच्या औषधाची बाटली आम्हा लोकांच्या शिफारशीवरून तुमच्या घरात येते. दहा लिटर पाण्यात किती मिली टाकायचे, हे आम्ही शंभर वेळा सांगितले. फवारणी झाल्यावर उरलेली बाटली घरात कुठे राहते, हे मात्र फारसे कधी विचारले नाही. म्हणून हा विषय माझ्याही खात्याचा आहे असे मी समजतो.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, ते साल आपल्याला आठवत असेल. बोंड वरून हिरवेगार, फोडून पाहावे तर आत अळी आणि किडकी सरकी. पंचनाम्याच्या कामाला मी गावोगाव हिंडत होतो. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एका गावी एका शेतकऱ्याच्या वावरात गेलो. गावाचे आणि माणसाचे नाव सांगत नाही. चार एकर कोरडवाहू कपाशी, माणूस चाळिशीचा. मी बोंडे फोडून पाहत होतो, तो बांधावर उभा होता. एक शब्द बोलला नाही. निघताना त्यांची घरधनीण माझ्या गाडीपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “साहेब, आठ दिस झाले, हे नीट जेवनात. रात्री उठून अंगणात बसून राहतेत. तुम्ही जरा सांगून बगा ना.”

मी म्हणालो, “ताई, काळजी करू नका. नुकसानीचं अनुदान येईल.” कागदावर टक्केवारी लिहिली, सही घेतली आणि पुढच्या गट नंबरकडे गेलो.

दहाव्या दिवशी तो माणूस गेल्याची बातमी आली.

त्या बाईने मला विचारले होते जेवणाचे आणि झोपेचे. मी उत्तर दिले अनुदानाचे. तिने मला रोगाचे लक्षण दाखवले आणि मला ते ओळखता आले नाही. पानावर करपा दिसला तर मला दहा हातांवरून कळतो, पण माणूस करपत चाललेला समोर उभा असून कळला नाही. त्यानंतर मी या गोष्टीची माहिती घ्यायला लागलो. डॉक्टरांना विचारले, आशाताईंबरोबर फिरलो, वाचले. तेच आज सांगतो आहे.

पहिली गोष्ट अशी की मन खचणे हा आजार आहे. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. ताप येतो, शुगर वाढते, तसाच हाही येतो आणि औषधोपचाराने बराही होतो. तो नामर्दपणा नाही, आळस नाही, आणि कुणी केलेली करणीही नाही. आणखी एक, एकट्या कर्जाने माणूस जिवावर उदार होत नाही. कर्ज पुष्कळांना असते. कर्जाच्या जोडीला दुबार पेरणी, घरातले आजारपण, मुलीच्या लग्नाची काळजी, भावकीतला वाद, दारू, अशा दोन-तीन गोष्टी एकावर एक येतात आणि त्या ओझ्याखाली मन आजारी पडते. म्हणून “कर्जमाफी झाली की सगळं सुटेल” एवढ्यावर विसंबून माणसाकडे पाहायचे राहू नये.

आता लक्षणे ऐका. झोप लागत नाही, किंवा पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. जेवणावर वासना राहत नाही. अंगात त्राण नाही, डोके जड, छातीत धडधड, पण दवाखान्यात तपासले तर काही निघत नाही. बैलाला हात लावावासा वाटत नाही, पारावर जाऊन बसावेसे वाटत नाही, लेकराच्या बोलण्याकडे लक्ष नाही. काही माणसे गप्प होतात, काही उलट चिडचिडी होतात आणि बारीकसारीक कारणावरून बायको-मुलांवर हात टाकतात. काहींची दारू एकदम वाढते. यांतले काही दोन-चार दिवस कुणालाही होते. पण दोन आठवडे झाले, रोज बहुतेक वेळ तसेच चालले आहे आणि कामधंदा सुटत चालला आहे, तर ते आजाराचे समजावे.

काही लक्षणे त्याहून गंभीर असतात, तिथे एक दिवसही थांबू नये. “आता माझी गरज काय,” “माझ्यामागं लेकरांकडं बघा,” असे बोलणे. कारण नसताना सगळ्यांची देणीघेणी मिटवणे, आवडती वस्तू देऊन टाकणे, बहिणीला, मित्राला उगीच भेटून येणे. आणि फार दिवस बेचैन असलेला माणूस एकाएकी अगदी शांत दिसू लागणे. घरच्यांना वाटते, बरे झाले, निवळला. नेहमीच तसे नसते.

हे सगळे घरधन्यालाच होते असे नाही, भगिनींनो. बाईचे मन खचते तेव्हा ती बहुधा “डोकं दुखतं, कंबर दुखते, चक्कर येते” असे सांगते आणि गावातला डॉक्टर तिला सलाईन लावतो. तीही निंदणी-खुरपणी करते, कापूस वेचते, वर चूल-मूल करते, आणि कर्जाचा आकडा तिला कुणी सांगितलेला नसतो. बाळंत झालेल्या सुनेचे रडू थांबत नसेल, तर “पहिलं बाळंतपण आहे, होतं असं” म्हणून सोडू नये. आणि शाळेत जाणारी पोरे घरातले सगळे ऐकत असतात. बारावीच्या निकालाच्या दिवसांत त्यांच्याकडेही बघावे.

मागे एक वयस्क शेतकरी मला म्हणाले, “साहेब, बहात्तरचा दुष्काळ याच्याहून वाईट होता. पण तवा कुणी असं केलं नाही.” तेव्हा खरोखर किती जणांचे काय झाले याचा हिशेब माझ्यापाशी नाही, पण त्यांनी पुढे जे सांगितले ते मला पटले. १९७२ साली सगळे गाव एकाच दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि एकाच रांगेत सुकडी खात होते. लाज कुणाची कुणाला वाटणार? आज शेजारच्याच्या शेतात बोअरला पाणी आहे, त्याचा पोरगा पुण्याला नोकरीला आहे, आणि माझे संकट माझ्या पासबुकात बंद आहे. माणूस एकटा पडतो तो असा.

तेव्हा पहिला इलाज म्हणजे एकटे पडू न देणे. कसे, ते सांगतो.

माणूस गप्प झालेला दिसला तर कुणीतरी जवळच्याने त्याला बाजूला घेऊन बसावे. चारचौघांत, पारावर, लेकरांसमोर विषय काढू नये. आखाड्यावर जावे, सोबत चहा घ्यावा आणि सरळ विचारावे, “भाऊ, काही दिवसांपासून तुम्ही जेवत नाही, बोलत नाही. काय चाललंय मनात?” मग गप्प बसावे. आपल्याला गप्प बसता येत नाही, ही आपली खोड आहे. त्याने दोन वाक्ये बोलली की आपण चार उपदेश करतो. तसे करू नये. तो रडला तर रडू द्यावे.

आणि शंका आली तर त्याहून सरळ विचारावे, “जीव नकोसा झालाय का? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?” पुष्कळांना भीती वाटते की असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल. तसे होत नाही. याचा अभ्यास पुष्कळ ठिकाणी झाला आहे आणि विचारल्याने धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट, कुणाला सांगावे हे न कळल्याने जो आतल्या आत कोंडला असतो त्याला बोलायला वाट मिळते. “हो” असे उत्तर आले तर ओरडू नये, शपथा घालू नयेत. “बरं झालं सांगितलंस, आता मी आहे तुझ्यासोबत,” एवढे म्हणावे, आणि त्या घटकेपासून त्याला एकटे सोडू नये. “कुणाला सांगू नको” असे त्याने म्हटले तरी हे गुपित ठेवायचे नसते. घरातल्या एका शहाण्या माणसाला सांगावेच.

काय बोलू नये तेही सांगतो, कारण ही वाक्ये मी स्वतः बोललो आहे. “गड्यासारखा गडी अन् रडतोस काय?” “अमक्याचं बघ, त्याचं तर याहून वाईट आहे.” “लेकराबाळांचा विचार कर.” तो लेकराबाळांचाच विचार करत असतो. आपण त्यांच्यावर ओझे झालो आहोत असे त्याला आजाराने वाटायला लावलेले असते.

आता बाटलीकडे येऊ. आजच्या भाषणात यापेक्षा महत्त्वाचे काही नाही, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

माणसाच्या मनात मरणाचा विचार लाटेसारखा येतो. लाट ओसरली की तोच माणूस जगायला धडपडतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत विचार आला आणि कृती झाली यांत काही मिनिटांचेच, फार तर काही तासांचे अंतर असते. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर सगळे अवलंबून राहते. ज्यांचा जीव एकदा वाचला, त्यांतले बहुतेक पुन्हा त्या वाटेने जात नाहीत, संसार करतात. “ज्याला जायचं तो जाणारच,” हे आपले म्हणणे म्हणूनच खोटे आहे.

श्रीलंका हा आपल्यासारखाच शेतीचा देश. तिथे १९९५ साली आत्महत्यांचे प्रमाण फार वर गेले होते आणि त्यांत विषारी औषधाने गेलेले पुष्कळ. सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशके एकामागून एक बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. आणि शेतीचे उत्पन्न? ते त्यामुळे घटल्याचे दिसले नाही. लोकांची दुःखे काही ७० टक्क्यांनी कमी झाली नव्हती. फक्त त्या घटकेला हाताला लागणारी वस्तू बदलली होती.

आपल्या देशातही तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या काट्टुमन्नारकोईल भागात एक प्रयोग झाला. चेन्नईच्या ‘स्नेहा’ संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांत औषधे ठेवायला एक मध्यवर्ती जागा केली. प्रत्येक शेतकऱ्याला तिथे कुलपाचा एक कप्पा. औषध लागेल तेव्हा तिथून न्यायचे, उरलेले तिथेच आणून ठेवायचे. लोकांनी ही पद्धत मानली आणि त्या गावांत औषध पिण्याचे प्रकार कमी झाले. प्रयोग लहान होता, पण करता येण्यासारखा होता.

याच्या उलट गोष्टही सांगायला हवी. श्रीलंकेत १८० गावांत आणखी एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटल्या. २०१७ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा पेट्या मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांत फरक पडलेला दिसला नाही. मला तरी यावरून असे वाटते की पेटी घरात आणि किल्ली खुंटीला, तर त्या कुलपाचा उपयोग किती? लहान लेकरांपासून जपायला पेटी चांगली. पण खचलेल्या माणसापासून औषध दूर ठेवायचे तर ते घराबाहेर आणि त्याच्या आखाड्याबाहेर हवे.

म्हणून आपल्या गावात असे करावे. फवारणीला लागेल तेवढेच औषध घ्यावे. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊन ठेवू नये. उरलेली बाटली कोठ्यात, देवळीत, माळ्यावर, पलंगाखाली ठेवण्याची सवय मोडावी. चार-पाच भाऊबंदांनी मिळून एक लोखंडी कपाट करावे, ते यांतल्या कुणाच्याही राहत्या घरात नसावे, आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. फवारणी झाली की त्याच संध्याकाळी बाटली परत. ग्रामपंचायतीने किंवा शेतकरी गटाने मनावर घेतले तर गावासाठी एकच जागा होऊ शकते. शीतपेयाच्या बाटलीत औषध ओतून ठेवणे तर कधीच नको. त्याने लेकरे चुकून दगावतात. आणि घरात कुणी खचलेले असेल, तर तेवढ्या दोन-तीन महिन्यांत फवारणीचे काम दुसऱ्याने करावे आणि औषध त्याच्या नजरेलाही पडू देऊ नये. दारू बंद करता आली तर उत्तमच, कारण दारूच्या अमलात ती लाट मोठी होते.

एवढे करूनही कुणाच्या पोटात औषध गेले, तर मिठाचे पाणी, ताक, लिंबू पाजून ओकारी काढण्यात वेळ घालवू नये. ओकारी फुप्फुसात गेली तर जीव जास्त धोक्यात येतो. अंगावरचे भिजलेले कपडे काढावेत, अंग धुवावे, माणसाला डाव्या कुशीवर घ्यावे, १०८ ला फोन करावा. गाडीला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. औषधाची बाटली किंवा डबा लेबलसकट सोबत न्यावा. डॉक्टरला उतारा त्यावरून कळतो. पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात जुन्या ३०९ कलमाचा तो गुन्हा ठेवलेलाच नाही.

आता एक चांगली हकीकत. जिंतूर तालुक्यातल्या एका गावचा शेतकरी, तीन एकर सोयाबीन, म्हातारी आई, दोन मुली. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पाऊस लागला आणि ढीग जागेवर काळा पडला. मग तो बोलेनासा झाला. त्याचा चुलतभाऊ शिकलेला नाही, पण माणूस जाणता. तो रोज रात्री जेवण करून घोंगडी घेऊन याच्या आखाड्यावर झोपायला यायचा. मी त्याला विचारले, “काय बोलायचा तुम्ही?” तो म्हणाला, “काय बोलणार साहेब, बैलाचं बोलायचो. कधी कधी काहीच नाही. पण तो उठला की मी उठायचो.” वीस-बावीस रात्री त्याने असे केले. घरातल्या दोन बाटल्या त्याने पहिल्याच दिवशी पिशवीत घालून आपल्या सासुरवाडीला पाठवून दिल्या. मग बायकोने आशाताईंना सांगितले. त्यांनी घरी येऊन झोप, भूक, मनातले विचार यांविषयी प्रश्न विचारले, चिठ्ठी दिली आणि चुलतभावाने त्याला परभणीला जिल्हा रुग्णालयात नेले.

गोळ्या सुरू झाल्या. दहा दिवसांनी तो म्हणाला, “काही फरक नाही, पैसे घालवू नका.” इथे पुष्कळ जण सोडतात. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते म्हणून भावाने धरून ठेवले. महिन्याने झोप आली, मग भूक. बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत, बहुधा सहा महिने किंवा जास्त, गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. या आजाराच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्र त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्याची आई त्याला दर गुरुवारी दर्ग्यालाही नेत होती. नेऊ द्यावे. देवाधर्माने मनाला आधार मिळतो, फक्त गोळी चुकू नये, आणि मारहाण करणाऱ्या, कोंडून ठेवणाऱ्या भगताकडे नेऊ नये. पुढच्या मृगाला तो माझ्याकडे बियाण्याची उगवणशक्ती तपासायला आला. शंभर दाणे मोजून आणले होते.

आता मदत कुठे मिळते ते लिहून घ्या. राज्य शासनाने २०१५-१६ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ म्हणून शेतकरी समुपदेशनाचा कार्यक्रम मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी सुरू केला, त्यांत आपला परभणी जिल्हा आहे. आशाताईंनी घरोघर विचारपूस करायची आणि गरज असेल त्याला रुग्णालयात पाठवायचे, अशी त्याची पद्धत. तेव्हा आशाताईंना नुसत्या लसीकरणाच्या आणि बाळंतपणाच्या समजू नये. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराची तपासणी होते. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. माणूस स्वतः फोन करायला तयार नसेल तर घरच्यांनी करून “काय करावे” असे विचारले तरी चालते. आरोग्य सल्ल्याचा १०४ हा नंबरही आहे.

गावातल्या माणसांना शिकवून हे काम होते का? होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच आरोग्य सेविकांनी घरोघर जाऊन बोलणे, आजार ओळखणे, साधे समुपदेशन आणि लागेल तिथे डॉक्टर, असे त्याचे स्वरूप होते. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर जणांतले जेमतेम चार कुठे मदत मागत होते. दीड वर्षाने ते २७ झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही निम्म्याच्या आसपास आले. शंभरात २७ म्हणजे अजून ७३ राहिलेच, हेही खरे.

कर्जाविषयी थोडेच बोलतो, तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. सगळी देणी एका कागदावर लिहावीत, सोसायटी, बँक, कृषी सेवा केंद्राची उधारी, सोने तारण, हातउसने, आणि हा कागद बायकोसमोर, कर्त्या मुलासमोर लिहावा. डोक्यातला आकडा कागदावरच्यापेक्षा बहुधा मोठा असतो. बँकेत एकट्याने जाऊ नये, जोडीला कुणाला तरी न्यावे आणि पुनर्गठनाचे विचारावे. परवाना नसलेल्या सावकाराने व्याजापायी जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. १५ वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते.

ज्या घरात असे झालेले आहे, त्या घराविषयी दोन शब्द. तेराव्यापर्यंत गाव येते, मग कुणी येत नाही. खरी गरज त्यानंतरच असते. “असं कसं झालं, तुझं लक्ष नव्हतं का?” असे त्या बाईला विचारणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. ती स्वतःला तेच रोज विचारत असते. तिला विचारायचे तर असे विचारावे की तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला का, संजय गांधी निराधार योजनेचा, लेकरांसाठी बालसंगोपन योजनेचा कागद झाला का, यंदा पेरणीला बैलजोडी कुणाची? सातबाऱ्यावर तिचे नाव लागल्याशिवाय सोसायटी तिला उभी करत नाही, आणि दिराच्या-सासऱ्याच्या समोर ती हे बोलू शकत नाही. गावातल्या कुणीतरी सोबत तहसीलला जावे. अशा घरातल्या लेकरांना शाळेत कुणी टोचून बोलत नाही ना, हे गुरुजींनी पाहावे. त्या घरातल्यांचे मन खचण्याचा धोका इतरांहून जास्त असतो, म्हणून आशाताईंनी तिथे पुन्हा पुन्हा जावे.

२०१७ ची ती ताई आता स्वतः शेती करते. मी तिच्याकडे जाऊन माझी चूक सांगितली. तिने मला चहा दिला आणि हरभऱ्याच्या मररोगाचे विचारले. मी मर सांगितली आणि या वेळी झोप कशी लागते तेही विचारले.

मागच्या महिन्यात सेलू तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, “आमच्या मालकांचं सध्या ठीक नाही. घरात औषधाची बाटली आहे. हलवली तर ते रागवतील, ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणतील. काय करू?” ताई, बाटली आधी हलवा, बोलणे नंतर करा. शेजारी, भावाकडे, दुकानदाराकडे, कुठेही द्या. ते रागावले तर म्हणा, कृषी अधिकाऱ्यांनी रेडिओवर सांगितले की घरात औषध ठेवायचे नाही. माझे नाव पुढे करा, राग माझ्यावर येऊ द्या. मग त्यांच्याजवळ बसा आणि वर सांगितले तसे विचारा. हे पत्रक ज्यांच्या हाती पडेल त्यांनीही कपाशीच्या पहिल्या फवारणीआधी हे काम उरकावे. अर्धी राहिलेली गेल्या वर्षीची बाटली घरात असेल तर ती ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नये. मुदत तपासून घ्यावी आणि मुदत संपलेली असेल तर तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच तिची विल्हेवाट लावावी.